दुपारी लागलेलं अहमदाबाद

मीडियम वेव्हवर 846 किलोहर्ट्झ म्हणजे अहमदाबाद. 200 किलोवॉटचं केंद्र. अंधार पडला की आमच्या धाराशिवातही ते ऐकू येई, गुजराती बातम्या आणि भजनं. पण काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पुतण्या धावत खाली आला आणि म्हणाला, "काका, दिवसाढवळ्या अहमदाबाद लागलंय!"

मी वर गेलो. दुपारचा एक वाजून गेलेला. लॅपटॉपच्या पडद्यावर 846 च्या जागी खरंच उभी, ठळक रेघ होती. मी त्याला आवाज वाढवायला सांगितला. निवेदिका बोलत होती ती मराठीत. शब्द फाटल्यासारखे येत होते, पण मराठी होती यात शंका नव्हती. तिच्या मागं, दबलेल्या आवाजात, कुणीतरी तेलुगूत बोलत होतं.

"भाषा ऐक," मी म्हटलं. "अहमदाबाद मराठी-तेलुगू कधीपासून बोलायला लागलं?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा नाद त्याच्याही आधीपासूनचा, त्यामुळं भुताटकी स्टेशनं, म्हणजे खरी नसताना ऐकू येणारी, मी जुन्या संचांतही ऐकली होती. तिथं मात्र सुई फिरवताना ती कानाला लागायची आणि निघून जायची. सॉफ्टवेअरच्या रेडिओत ती पडद्यावर दिसतात, आकड्यासकट दिसतात, म्हणून माणूस त्यांच्यावर पटकन विश्वास ठेवतो. हा अनुभव लिहून काढायचं खरं कारण तेच आहे.

पुतण्यानं लॅपटॉपला लावलेला डोंगल अंगठ्याएवढा. मुळात ते संगणकावर टीव्ही बघण्याचं साधन. 2012 च्या सुमारास हौशी लोकांच्या लक्षात आलं, की त्यातली आरटीएल2832यू नावाची चिप सिग्नलचे कच्चे आकडे थेट संगणकाला देऊ शकते. मग स्टेशन निवडणं, गाळणं, त्यातून आवाज काढणं हे सगळं काम सॉफ्टवेअरवर सोपवता येतं. पूर्वी ज्याला कॉइल, गँग कंडेन्सर आणि आयएफटी असे सुटे भाग लागायचे ते आता गणितानं होतं. चिपच्या आधी बसवलेला ट्यूनर साधारण 24 मेगाहर्ट्झच्या वरच काम करतो, म्हणून मीडियम वेव्ह ऐकायची तर ट्यूनर बाजूला सारून एरियल सरळ आकडे मोजणाऱ्या भागालाच जोडावा लागतो. पुतण्यानं तसंच केलं होतं. गच्चीवरून समोरच्या लिंबाच्या झाडापर्यंत लांब तार ओढली होती आणि सिग्नल कमी पडू नये म्हणून मध्ये एक तयार अँप्लिफायर टाकला होता, कसलीही गाळणी नसलेला.

आता धाराशिव कुठं आहे ते बघा. पुणे इथून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि दुसऱ्या अंगाला हैदराबाद पावणेतीनशे. दोन्हीकडं तगडी मीडियम वेव्ह केंद्रं: पुण्याचं 792 आणि हैदराबादचं 738. मीडियम वेव्हचा सिग्नल रात्री आकाशातून परतून शेकडो मैल जातो, पण दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला डी थर त्याला गिळून टाकतो. दुपारी येतं ते फक्त जमिनीला धरून आलेलं. म्हणून भरदुपारी आमच्या तारेवर पुणे आणि हैदराबाद दणकून असायची, आणि साडेसहाशे किलोमीटरवरच्या अहमदाबादचा मागमूस नसायला हवा होता.

मी वही घेतली. 792 ची दुप्पट 1584. त्यातून 738 वजा केले. उत्तर 846.

पुतण्या माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला उलटं करायला सांगितलं. 738 ची दुप्पट 1476, वजा 792, उरले 684. हा कोळिकोडचा आकडा. केरळचं स्टेशन दुपारी इथं येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं 684 लावलं आणि तिथंही आवाज होता, फक्त आता तेलुगू वर आणि मराठी खाली. जिची दुप्पट घेतली ती भाषा वरचढ. गणित आणि कान एकमेकांशी इतके जुळलेले मी क्वचितच अनुभवले आहेत. मग दोघांची बेरीज केली, 1530, आणि तिथंही दोन्ही केंद्रं एकात एक गुंतलेली निघाली.

एवढं चपखल बसण्यामागं एक कारण आहे. आपल्याकडं मीडियम वेव्हची केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत. मुंबईचं 558 आणि 1044, सांगलीचं 1251, परभणीचं 1305, छत्रपती संभाजीनगरचं 1521, सोलापूरचं 1602, सगळे आकडे 9 नं भागले जातात. 9 च्या पटीतल्या संख्यांची दुप्पट करा, बेरीज करा, वजाबाकी करा, उत्तर 9 च्या पटीतच येणार. म्हणजे इथलं खोटं स्टेशन दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागेत सापडत नाही. ते थेट दुसऱ्या कुणाच्या तरी अधिकृत जागी येऊन बसतं. यादी उघडून बघणाऱ्याला तिथं नाव छापलेलं मिळतं, आणि तो वहीत नोंद करून मोकळा होतो.

846 वरचं ते स्टेशन पुण्यानंही सोडलेलं नव्हतं आणि हैदराबादनंही. ते आमच्या गच्चीवर जन्मलं होतं. लग्नातल्या भोंग्याचा आवाज शेवटपर्यंत पिळला की गाणं मोठं व्हायचं थांबतं आणि फाटायला लागतं, तसंच अँप्लिफायरचं होतं. ठराविक मर्यादेपर्यंत तो आत आलेल्याची हुबेहूब मोठी प्रत बाहेर देतो. मर्यादा जवळ आली की बाहेरचं आतल्याच्या प्रमाणात राहत नाही. गणितात सांगायचं तर सरळ पटीबरोबर वर्ग आणि घन यांचेही अंश त्यात मिसळतात. आत एकच सिग्नल असेल तर त्याच्या दुपटी-तिपटी निघतात आणि त्या लांब जाऊन पडतात. दोन सिग्नल असले की घनाच्या अंशातून ती दुप्पट-वजा-दुसरा निघते, आणि ती मूळ दोघांच्या शेजारीच पडते. पुस्तकात याला नॉनलिनियर विरूपण, इंटरमॉड्युलेशन अशी नावं आहेत. दुरुस्तीवाले "क्रॉस झालंय" एवढंच म्हणतात. एकदा असं स्टेशन तयार झालं की पुढं कितीही चांगलं सॉफ्टवेअर असो, त्याला ते खऱ्यापासून वेगळं काढता येत नाही, कारण आकड्यांत ते खऱ्यासारखंच असतं.

मग ओळखायचं कसं? भाषा ऐकून नेहमीच भागत नाही. पुणे आणि मुंबईची जोडी असती तर दोन्हीकडं मराठीच. यासाठी एक कसोटी आहे आणि माझ्या मते सॉफ्टवेअर रेडिओ हाताळणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या दिवशी तीच शिकावी. दुकानातून तीन रेझिस्टर आणायचे, 100 ओहमचे दोन आणि 68 ओहमचा एक. 68 चा सिग्नलच्या वाटेत आडवा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना 100 चा एकेक जमिनीला, म्हणजे ग्राउंडला. हा झाला जवळजवळ 10 डेसिबलचा ॲटेन्युएटर. सिग्नल घटवणारा. खर्च चहाच्या कपाएवढा. पायांच्या तारा मात्र आखूड ठेवायच्या.

तो आम्ही तार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये टाकला. पडद्यावर पुण्याची रेघ दहा डेसिबलनं खाली आली, हैदराबादची तेवढीच. 846 ची रेघ मात्र दिसेनाशीच झाली. ती तीस डेसिबलच्या आसपास पडून तळाच्या खरखरीत बुडाली होती. हिशोबच असा आहे, की आत दहा घटवले की घनातून निघालेली खोटी रेघ तीसनं पडते आणि वर्गातून निघालेली बेरजेची, म्हणजे 1530 सारखी, वीसनं. खरं स्टेशन जेवढ्यास तेवढं पडतं. पुतण्यानं ॲटेन्युएटर काढला, परत लावला, परत काढला. भूत येत होतं, जात होतं. त्याच रात्री ॲटेन्युएटर तसाच ठेवून आम्ही पुन्हा 846 लावलं, तेव्हा स्वच्छ गुजराती ऐकू आली. खरं अहमदाबाद.

या प्रसंगानंतर मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे, सिग्नल घटवल्यामुळं आमचं काहीच बिघडलं नाही. मीडियम वेव्हवर बाहेरचीच खरखर इतकी असते, की संचाची स्वतःची खरखर तिच्या कितीतरी खाली असते. सिग्नल आणि बाहेरची खरखर दोन्ही सारखीच घटली, म्हणजे त्यांच्यातलं अंतर जसंच्या तसं राहिलं. तपासायला सोपं आहे. एरियल काढा. पडद्यावरचा तळ खाली गेला तर खरखर बाहेरून येते आहे, आणि अँप्लिफायर लावून तुम्ही ती खरखरच मोठी करता आहात. तळ हललाच नाही तरच अँप्लिफायरचा विचार करा. आमच्याकडं येणारे बहुतेक जण उलट विचारतात, अजून मोठा अँप्लिफायर कुठं मिळेल?

खोडदला गेल्यावर माझं हे मत पक्कं झालं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, सुमारास तिथं लोकांसाठी प्रदर्शन भरतं. शाळेची मुलं घेऊन मी गेलो होतो. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारा क्षीण सिग्नल टिपणाऱ्या त्या दुर्बिणीतही सिग्नल मुद्दाम घटवायची सोय केलेली आहे. सूर्याकडं तोंड करायचं झालं तर तो इतका प्रबळ असतो की नाजूक अँप्लिफायर दबून जातील. मोबाइलसारख्या पट्ट्या गाळून टाकणाऱ्या गाळण्याही तिथं आहेत. जगातल्या अव्वल दर्जाच्या यंत्रणेला जे करावं लागतं ते आपल्या अंगठ्याएवढ्या डोंगलनं टाळायचं म्हटलं तर कसं चालेल?

खरखरीची गोष्ट निराळी. तिचा अभ्यास शहरात झाला नाही, तो येडशीकडच्या शेतात झाला. शेतात कुठलं केंद्र जवळ नाही, मनोरा नाही, तेव्हा रेडिओ निवांत चालेल अशी अपेक्षा होती. विरूपण खरंच नव्हतं. पण खरखर शहराच्या वरताण. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल वरून खाली सरकत जातात त्या चित्रात, साधारण सेकंदाला एक आडवी रेघ पडत होती, संपूर्ण पट्टाभर. आवाजात टक, टक, टक. शेजारच्या सोयाबीनला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं होतं, तारेत क्षणभर विजेचा झटका सोडणारं. त्याच्या जोडीला सौर पंपाचा कंट्रोलर. ऊन चढलं की ठराविक अंतरावर जाड, धूसर पट्टे उगवायचे, ढग आला की ते डुलत बाजूला सरकायचे आणि सूर्य मावळला की आपोआप मिटायचे. ढगाची सावली पंपावर आली हे मला रेडिओवर कळत असे.

उरलेल्या खरखरीचा थांग लागत नव्हता. थ्री फेज लाईट गेली की तळ झपकन खाली यायचा आणि आली की चढायचा, एवढाच धागा होता. मी खिशातला ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला आणि बांधानं खांबा-खांबांखालून चालत निघालो. शेजारचे आप्पा बैल सोडत होते.

"गुरुजी, खांबाखाली काय शोधायलाव?"

"खरखर शोधायलोय, आप्पा."

आप्पा माझ्याबरोबर आले. ओढ्याच्या कडेच्या खांबाशी ट्रान्झिस्टर खरखरीनं नुसता भरून गेला, पुढच्या खांबाला परत निवळला. आप्पा म्हणाले, "ह्योच खांब. पावसाळ्यात हितनंच ठिणगी उडती." गावच्या वायरमनला दाखवलं. त्यानं सप्लाय बंद करून वर चढून बघितलं, तर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, ढिला होता आणि तिथं सूक्ष्म ठिणगी चालू होती. त्यानं तो आवळला. माझी खरखर तर गेलीच, पण आप्पांच्या मोटारीला येणारी लाईटही सुधारली. रेडिओची खरखर पुष्कळदा विजेच्या बिघाडाची आगाऊ सूचना असते, ही गोष्ट वायरमनलाही त्या दिवशी पटली.

झटका मशीनचं मात्र काही करता आलं नाही, करूही नये. पीक राखणं माझ्या छंदापेक्षा मोठं. सॉफ्टवेअरमध्ये क्षणभराचे ठोके छाटणारी सोय असते, ती लावली. ठोका इतका छोटा असतो की तेवढं कापूनही बोलण्यात खंड जाणवत नाही. फक्त ती फार कडक लावली तर जोरदार स्टेशनंही फाटतात, कारण छाटणं हेही एक विरूपणच. एक घालवताना दुसरं वाढतं, आणि किती ते आपल्या कानानं ठरवावं लागतं.

इथं एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोंगल सिग्नलची उंची आठ बिटांत मोजतो, म्हणजे 256 पायऱ्यांत. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत कागदोपत्री 50 डेसिबलच्या आसपासचं अंतर त्यात मावतं. एका पायरीहूनही बारीक सिग्नल मग दिसतो कसा? तर बाहेरची थोडीशी खरखर त्याला पायरीच्या वर-खाली हलवत राहते, आणि सेकंदाला लाखो मापांची सरासरी काढताना सॉफ्टवेअर त्यातून तो बारीक सिग्नल वेगळा काढतं. पट्टी जितकी अरुंद कराल तितकं ते सोपं जातं. गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, इतका उतरवला की खरखर शेवटच्या पायरीलाही पोचेना, तर पायऱ्यांचेच काठ आवाजात येतात. म्हणून माझा शिरस्ता असा: एरियल जोडल्यावर तळ जेमतेम वर सरकेल एवढाच गेन. त्याच्या वर एक खूणसुद्धा नाही.

ही सगळी खटपट कशासाठी, असं घरचेही विचारतात. मी या जिल्ह्यातला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात शेजारच्या लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, आमच्याकडचं सास्तूर आणि आसपासची गावं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली, हजारो माणसं गेली. भूकंपानंतर हॅम मंडळी, म्हणजे परवाना असलेले हौशी रेडिओवाले, आपले बिनतारी संच घेऊन इकडं आली होती. तेव्हापासून संच म्हणजे माझ्या लेखी नुसती करमणूक राहिलेली नाही. आणि संकटात काय होतं? सगळे संच एकाच मैदानात, एकाच तंबूत शेजारीशेजारी येतात.

हे आम्ही करून पाहिलं. परवानाधारक मित्र हातातला पाच वॉटचा संच घेऊन गच्चीवर आला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना 145.800 मेगाहर्ट्झवर कधीकधी चित्रं पाठवतं, ती आम्ही डोंगलवर घेत होतो. चित्र ओळीओळीनं उमटत असताना मित्रानं शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर बटण दाबलं. अवकाश स्थानक गेलं. तळ उसळला, खोट्या रेघांचं जाळं पडद्यावर पसरलं आणि चित्राच्या मधोमध खरखरीचा पट्टा उरला. बटण सोडलं की पुन्हा ओळी सुरू. ढिगाऱ्याजवळून येणारी एखादी क्षीण हाक शेजाऱ्याच्याच संचाखाली अशी दबू शकते. मित्र गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्यानं संचाची ताकद उतरवली, तेव्हा दोन्ही कामं एकत्र चालली.

आता धाराशिव, कळंब, उमरग्याकडची बरीच मुलं डोंगल मागवायला लागली आहेत. त्यांना माझं सांगणं आहे. अँप्लिफायरचे पैसे आधी खर्च करू नका. तीन रेझिस्टर आणा. पडद्यावर नवं स्टेशन दिसलं की नाव लिहिण्याआधी दहा डेसिबल घटवून बघा, आणि रेघ दहाहून जास्त पडली तर वहीत लिहू नका. मग हॅमच्या परवान्याची परीक्षा द्या. या जिल्ह्याला संच वापरता येणारी माणसं हवी आहेत, आणि ऐकू आलेलं खरं की संचानं रचलेलं हे ओळखणारी तर फारच थोडी आहेत.